शंभूचे दहा हात

कसाऱ्याहून इगतपुरीस येणाऱ्या गाडीस थळ घाटांत मागून बँकर इंजिन जोडावें लागतें, हें येथील लहान मुलासही ठाऊक आहे. ३७ फुटांस १ फूट असा तो चढ! परंतु कोणतें इंजिन कोणत्या गाडीस द्यावें, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधें आपसांत बदललीं तर मूर्तिभेद किती, असें भास्कराचार्यांनीं लीलावतींत (इ. स. ११५०) विचारिलें आहे. उत्तर ३६,२८,८००. दहा गाड्या व दहा इंजिनें यांच्या मांडण्याही तितक्याच. सेकंदास एक तपासली तरी अहोरात्र ४२ दिवस लागतील. वीस गाड्या असल्यास ब्रह्मदेवाचा एक दिवसही पुरणार नाहीं!

मग करावें काय? समजा, बँकर एकच, मागणाऱ्या गाड्या तीन, आणि कोणत्याही दोहोंच्या वेळा एकमेकींवर येतात. नियम केला कीं, दोहोंपैकीं फार तर एकीस तो मिळावा. जोड्या तीन, म्हणून नियम तीन. गणितास अपूर्णांकाचें वावडें नाहीं. तें प्रत्येकीस अर्धा बँकर देऊन मोकळें होतें! नियम तिन्ही पाळले गेले, आणि दीड गाडी घाट चढली. आतां तिन्ही नियमांची बेरीज करा. प्रत्येक गाडी दोनदां येते. म्हणजे तिघींची दुप्पट तिहींहून अधिक नाहीं, अर्थात् तिघी मिळून दीडाहून अधिक नाहींत. परंतु गाडी अर्धी नसते. म्हणून एकीहून अधिक नाहीं. हा नवा नियम म्हणजेच ‘छेद’. त्यानें खोटें उत्तर कापलें जातें, खरें एकही जात नाहीं. डँट्झिग, फुल्करसन व जॉन्सन यांनीं १९५४ सालीं ४९ शहरांच्या प्रवासाचें कोडें अशाच युक्तीनें सोडविलें. पुढें १९५८ सालीं गोमरी यांनीं छेद काढण्याची सर्वसाधारण रीत दिली.

शाळेचें वेळापत्रक मीं पुष्कळ वर्षें आखिलें. अडचण आली कीं मी नियम करीत असें: ‘शेवटचा तास नव्या शिक्षकानें घ्यावा.’ काम भागे. पण त्या नियमानें कित्येक न्याय्य मांडण्याही कापल्या जात. एका तरुण शिक्षकाची सायंकाळची गाडी त्यामुळें नित्य चुके, आणि घरीं त्याची आजारी आई वाट पाहत बसे. तो कधीं बोलला नाहीं. मींही विचारिलें नाहीं.

घरांतही आपण वडीलकीनें नियम करितों. करण्यापूर्वीं इतकेंच पाहावें: यानें खोटें कापलें जातें, कीं कोणाचें खरें?