ठेका बदलला, सूर कायम राहिला

एखाद्या गायकाने आपला वाद्यमेळ बदलला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. जुना श्रोता म्हणतो, 'हा बाजाराला विकला गेला', तर ध्वनिमुद्रण कंपनी म्हणते, 'हा काळाबरोबर चालला'. दिसायला ही मते परस्परविरोधी असली, तरी बदलाचे कारण दोन्ही बाजू बाजारातच शोधतात. गेल्या काही वर्षांत, मोबाइलवरील छोट्या चित्रफितींच्या लाटेत, गाण्याची गती वाढवलेल्या आवृत्त्या कंपन्या स्वतःहूनच काढू लागल्याने हा समज अधिकच पक्का झाला आहे. या पार्श्वभूमीवर 'एव्हरीथिंग बट द गर्ल' या ब्रिटिश जोडीची वाटचाल पुन्हा पाहण्यासारखी आहे. गिटारच्या साथीने हळुवार गाणाऱ्या या जोडीने 1990 च्या दशकाच्या मध्यावर क्लबमधील नृत्यसंगीताची वाट धरली आणि 24 वर्षांच्या खंडानंतर 2023 मध्ये 'फ्यूज' हा अल्बम काढला, तेव्हाही ती सोडली नाही.

ट्रेसी थॉर्न आणि बेन वॉट हल विद्यापीठात शिकत असताना एकत्र आले. शहरातील फर्निचरच्या एका दुकानाच्या जाहिरातीतून त्यांनी आपले नाव उचलले. 1982 मधील त्यांचे पहिले गाणे होते कोल पोर्टरचे 'नाइट अँड डे'. 1984 च्या 'ईडन' या अल्बममध्ये जॅझ आणि लॅटिन अमेरिकी संगीताची छाया होती, तर 1990 च्या 'द लँग्वेज ऑफ लाइफ'मध्ये थोर सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांची साथ होती. सुशिक्षित, शांत, काहीशा उदास श्रोत्यांची ही जोडी अशी तिची प्रतिमा झाली होती. प्रतिमा चांगली होती. परंतु चांगल्या प्रतिमेचीही कधी कधी खोली बनते आणि तिची दारे आतून बंद होतात.

ती दारे उघडली एका आजाराने. 1992 मध्ये बेन वॉट यांना चर्ग-स्ट्रॉस सिंड्रोम हा दुर्मीळ आजार झाला. शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा हा प्रकार. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, लहान आतड्याचा बराचसा भाग काढून टाकावा लागला. या अनुभवावर त्यांनी 1996 मध्ये 'पेशंट' हे पुस्तक लिहिले. त्यानंतर दोघांनी केलेली गाणी अधिक मोजक्या शब्दांची, अधिक उघडी झाली. 1994 चा 'अँप्लिफाइड हार्ट' हा त्यातूनच आलेला अल्बम. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या 'मॅसिव्ह अटॅक' या गटासाठी थॉर्न यांनी 'प्रोटेक्शन' हे गाणे गायले. संथ, यंत्रनिर्मित तालावर आपला आवाज अधिक एकाकी आणि म्हणूनच अधिक जवळचा वाटतो, याचा प्रत्यय तेथे आला. म्हणजे पुढे जे घडले, त्याची जमीन आधीच नांगरली गेली होती.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. 'अँप्लिफाइड हार्ट'मधील 'मिसिंग' हे दुरावलेल्या माणसाच्या आठवणीचे गाणे 1994 मध्ये ब्रिटनच्या यादीत 69 व्या स्थानापलीकडे गेले नाही. ब्रिटनमधील कंपनीने जोडीशी असलेला करारही संपवला. दरम्यान, न्यूयॉर्कच्या हाउस संगीतातील टॉड टेरी याने या गाण्याचे रिमिक्स केले. क्लबांमधून ते पसरत गेले आणि 1995 मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या, तर 1996 मध्ये अमेरिकेतील बिलबोर्डच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. अमेरिकेच्या या यादीत ते 55 आठवडे टिकले. ज्या गायिकेचे दिवस संपले असे हिशेबाच्या वहीने ठरवले होते, तिचाच आवाज जगभर ऐकू येऊ लागला.

येथे 'रिमिक्स' या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. आपल्याकडे या शब्दाला कटू वास आहे आणि तो अकारण नाही. 2002 मध्ये 'काँटा लगा'चे रिमिक्स गाजले, तेव्हा मूळ चित्रपट 'समाधी' येऊन 30 वर्षे झाली होती, संगीतकार राहुलदेव बर्मन हयात नव्हते आणि लता मंगेशकरांच्या जागी आवाजही दुसरा होता. तेव्हाच्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, सूचना देऊन व मानधन भरून, अशी नवी आवृत्ती काढता येत असे. 2012 च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली. टेरीच्या रिमिक्समध्ये नेमके उलटे घडले. त्याने थॉर्न यांचा आवाज कायम ठेवला आणि भोवतालचा ठेका बदलला. आपल्याकडील रिमिक्समध्ये गाण्याचा मालक बाहेर राहिला होता. तेथे तो केंद्रस्थानी राहिला.

मात्र या जोडीचे खरे श्रेय त्यानंतरच्या निर्णयात आहे. एका रिमिक्सच्या यशावर आणखी काही वर्षे काढणे सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांनी ही भाषा स्वतः शिकून घेतली. 1996 चा 'वॉकिंग वुंडेड' हा अल्बम मुख्यतः वॉट यांनी संगणक आणि सॅम्पलरवर उभारला व त्यात लंडनच्या क्लबांमधील ड्रम अँड बेस या प्रकाराचा आधार घेतला. तो ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेला. या प्रकारात ड्रमचे तुकडे मिनिटाला सुमारे 170 मात्रांच्या वेगाने धावतात, पण खर्जातील बास त्याच्या निम्म्या गतीने चालतो. त्यामुळे वर द्रुत आणि खाली विलंबित अशा दोन लयी एकाच वेळी नांदतात. थॉर्न यांनी गाण्यासाठी खालची लय निवडली. धावत्या शहरात एकटाच माणूस सावकाश चालत जावा, असा परिणाम त्यातून साधला. गिटारच्या साथीत जी उदासी आल्हाददायक वाटत असे, तिला येथे धार आली.

यंत्राच्या संगीताला हृदय नसते, या लाडक्या समजाला यातून उत्तर मिळते. गिटार काय किंवा सॅम्पलर काय, वाद्य हे शेवटी वाद्यच. त्यातून कोण बोलते आहे, हा प्रश्न महत्त्वाचा. अर्थात, याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. 'ईडन'मधील मोकळी हवा, माणसांनी एकत्र बसून वाजवण्यातली ऊब नव्या अल्बमांत उरली नाही. काही जुने श्रोते दूर गेले असतील, तर त्यांची तक्रार केवळ हट्टाची म्हणता येणार नाही. प्रत्येक नूतनीकरणात काही तरी खरोखरच गमावले जाते.

1999 च्या 'टेम्परामेंटल'नंतर ही जोडी थांबली. वॉट यांनी डीजे म्हणून काम केले, थॉर्न यांनी पुस्तके लिहिली आणि स्वतंत्र अल्बमही केले. 'फ्यूज' आला तेव्हा दोघांनी साठी गाठली होती. आता थॉर्न यांचा आवाज अधिक खालच्या पट्टीत, वयाच्या खुणा न लपवणारा होता. तरीही अल्बम ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला. त्यांच्या कारकिर्दीतील हे सर्वोच्च स्थान.

आज गाण्याचे भवितव्य काही दिवसांच्या आकड्यांवर ठरते. 'मिसिंग'चे पहिले आकडे पाहून जो निर्णय घेतला गेला, तो त्या दिवसापुरता बरोबरच होता आणि तरीही तो साफ चुकला. ठेका बदलून देणारे पुष्कळ मिळतील. तो बदलण्याआधी आपला सूर कोणता, हे ठाऊक असलेला कलावंत आणि तो सूर सापडेपर्यंत वाट पाहणारी व्यवस्था, या दोन गोष्टी मात्र दुर्मीळ होत चालल्या आहेत.