गाणे मिळते, बोलणे मिळत नाही

भाचीची नोकरी हैदराबादला, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी माझी तिकडे फेरी होते. ती काचीगुड्याला राहते. तिचे घरमालक मराठी, चार पिढ्यांपासून तिथलेच. निजामाच्या राज्यात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते हे आपण शाळेत घोकलेले असते, पण त्या राज्याच्या राजधानीतले मराठी ऐकायला काचीगुड्यालाच जावे लागते. गृहस्थ निवृत्त शिक्षक. 'हो' म्हणायचे तिथे 'हौ' म्हणतात. रात्री जेवण झाले की ट्रान्झिस्टर घेऊन गॅलरीत बसतात आणि हैदराबाद केंद्राचा 'नैरंग' हा उर्दू कार्यक्रम लावतात. मागच्या खेपेला मीही खुर्ची ओढून बसलो.

कव्वालांच्या घराण्यातल्या एका म्हाताऱ्या गायकाची मुलाखत चालली होती. नाव आधीच सांगून झाले असावे, मला काही ते कळले नाही. विचारणारा अगदी शुद्ध, इस्त्री केलेल्या उर्दूत विचारत होता आणि म्हातारबुवाही तितक्याच अदबीने उत्तरे देत होते. उस्ताद कोण, किती वर्षांची तालीम वगैरे नेहमीचेच. मग विचारणाऱ्याने सहज विचारले, रात्रभराची मैफल करून घरी आलात की जेवायला काय असायचे? आणि बुवांची उर्दू एकदम गळून पडली. आईची आठवण निघाली आणि ते सरळ दखनीत शिरले. 'नक्को' आला, 'मेरेकू' आला, प्रत्येक शब्दाला 'च' लागू लागला. हा 'च' दखनीने आपल्या मराठीकडूनच उचललेला आहे, 'नक्को'ही आपलाच. मी गोव्याचा माणूस, कव्वालीतले मला फारसे कळत नाही, पण त्या पाच मिनिटांत ते बुवा मला आमच्या आवाठातले कुणी वाटू लागले.

हीच मुलाखत दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आली असती तर? तो 'च' पहिल्यांदा कापला गेला असता. मध्येच बुवा थांबले होते, पाणी प्याले होते, भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला होता. ते सगळे गेले असते. उरले असते, 'माझ्या यशात आईचा मोठा वाटा आहे'. म्हणून मंडळी, माझी शिफारस अशी की कलावंतांची चरित्रे जरूर वाचा, पण त्यांच्या रेडिओवरच्या मुलाखती मिळतील तिथून ऐका. गाणे आता कुठेही मिळते. बोलणे मिळत नाही.

घरमालकांना रेडिओचा सगळा इतिहास पाठ. निजामाच्या काळात हैदराबादला 'डेक्कन रेडिओ' होता. उर्दू, तेलुगू, मराठी आणि कन्नड अशा चारही भाषांत तो बोलायचा. औरंगाबादलाही केंद्र होते. १९५० साली हे सगळे आकाशवाणीत विलीन झाले. त्या जुन्या काळातल्या कलावंतांचे बोलणे कुणी जपून ठेवले असेल का, असे मी विचारले. त्यांनी नुसता हात हलवला.

या शहराची आठवण गाण्यात किती मुरलेली आहे पाहा. विठ्ठलराव शिवपूरकर हे नाव ऐकून आपल्याला कुणी कीर्तनकार वाटेल. पण ते हैदराबादचे नावाजलेले गझलगायक, निजामाचे धाकटे चिरंजीव मुअज्जम जाह यांच्या दरबारात गायलेले. २०१५ च्या मे महिन्यात उतारवयात ते शिर्डीहून हरवले आणि जूनमध्ये हैदराबादेत वारले. मराठी घरातला मुलगा उर्दू गझलेपर्यंत कसा पोचला हे कुणी लिहिले तर मी वाचीन. पण त्यांच्याच तोंडून ऐकण्यात जे आहे ते त्या लिहिण्यात कुठून येणार?

आता रेडिओची फार आरती ओवाळायला नको. या माध्यमाने दारे बंदही केलेली आहेत. आपल्याकडच्या सुरुवातीच्या रेडिओ गायिकांपैकी बऱ्याच जणी कलावंतिणींच्या, तवायफांच्या घरांतल्या. १९४६ च्या सुमारास माहिती आणि नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांच्या खासगी आयुष्याची लोकांत चर्चा आहे अशांना गाऊ द्यायचे नाही असे धोरण आले. म्हणजे सूर चालेल, पण आधी घर दाखवा. हे गोव्याच्या माणसाने विसरू नये. देवळाच्या चौकात, पालखीपुढे, मखराच्या वेळी ज्यांच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गायले त्यांच्याशी आपणही तसेच वागलो. केरीच्या केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला, हे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. पण केसरबाई घरात कशा बोलत, रागावल्या की कोणता शब्द वापरत, हे आपल्यातल्या किती जणांनी ऐकले आहे?

हैदराबादेत असताना श्याम बेनेगलांची आठवण होतेच. १९३४ साली तिथल्याच त्रिमुलघेरीला जन्मलेले, घरची भाषा कोकणी. २०२४ च्या डिसेंबरात ते गेले. त्यांची 'भूमिका' (१९७७) हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका'वर बेतलेली आहे, आणि ते पुस्तक मुळात हंसाबाईंनी सांगितले आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवले. पुढे 'सरदारी बेगम'मध्ये (१९९६) तर एक बातमीदार मुलगी मेलेल्या गायिकेविषयी घरोघर विचारत फिरते, आणि ती गायिका तिची स्वतःची आत्याच निघते. नात्यातल्याच बाईबद्दल घरात कुणी बोललेले नसते! हे आमच्याकडे किती घरांत झाले असेल.

असो. ऐकायचे कुठे? विविध भारतीच्या 'उजाले उनकी यादों के'चे जुने भाग शोधा. तिथे माणसाला बोलायला आठवडेच्या आठवडे दिलेले असत. आकाशवाणीच्या संग्रहात 'रेडिओ आत्मचरित्र' म्हणून लांबलचक मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. प्रसार भारतीने जुन्या संग्रहातले बरेच काही यूट्यूबवर टाकले आहे, तेही चाळा. खासगी एफएमवरच्या 'चाहत्यांना काय संदेश द्याल' छापाच्या मुलाखती मात्र वगळा. चांगला मुलाखतकार संदेश मागत नाही. तो विचारतो, बिदागी किती मिळायची, दौऱ्यावर झोपायचा कुठे, तंबोरा बसच्या टपावर ठेवायचा की मांडीवर. आणि समोरचा गप्प झाला की तोही गप्प बसतो. हल्ली संकलनात या गप्पा बसण्यावरच पहिली कात्री चालते, ते मला अजिबात पटत नाही.

आपल्या पणजीच्या आल्तिनोवरही किती जण येऊन बोलून गेले असतील. पोर्तुगीज काळातल्या 'एमिसोरा द गोवा'चे १९६१ नंतर आकाशवाणी केंद्र झाले. तेव्हापासूनच्या साठ वर्षांत नाटकवाले, भजनीबुवा, घुमटवाले. एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे. आपला कलावंत माइकसमोर पुस्तकी मराठीत सुरू करतो आणि आईचे नाव निघाले की कोकणीत घसरतो, थेट त्या कव्वालबुवांसारखा. कुणी म्हणेल हे मराठीचे अपयश, कुणी आणखी काही म्हणेल. मला तर ती दोन्ही बोलणी एकाच गळ्यातून ऐकायला आवडतात.

हे सगळे मी एवढ्या पोटतिडकीने का सांगतोय? १९८८ साली मी आमच्या गावातल्या एका वृद्ध गायिकेचे बोलणे टेप केले होते. देवळात गाणाऱ्या घरातली शेवटची बाई ती. पाऊण तास बोलली, खुर्चीत बसली नाही, उंबऱ्यावरच बसली. कॅसेटवर नाव लिहायचा मी कंटाळा केला. पुढे आमच्याच घरात तिच्यावर सिनेमाची गाणी भरली गेली. भरणारा मीच.

हैदराबादहून परत आल्यावर ती कॅसेट शोधून काढली. दुसऱ्या बाजूचे शेवटचे गाणे संपल्यावर थोडी खरखर आहे आणि मग तिचा आवाज. तेवढाच वाचलाय. खोकते आणि विचारते, ''चालू आसा मरे तें?''

माझे 'हय' मात्र टेपवर आलेले नाही.