प्रवासी व्हॅनच्या चाकाला कुलूप कशाला?

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या व्हॅनच्या चाकांना लॉकनट असूच नयेत, आणि असतील तर ते काढून साधे नट बसवावेत, असं माझं मत आहे. चौक गावात माझं टायरचं दुकान आहे. त्याआधी मी रसायनीच्या एका कारखान्यात फिटर होतो. नट किती आवळायचा, या प्रश्नावरच दोन्हीकडे माझं पोट चाललं, म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी हा नट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडीच्या चाकाला चार किंवा पाच नट असतात. त्यातला एक काढून त्याच्या जागी वेगळा नट बसवतात. त्याला पाना धरायला सहा बाजू नसतात. डोकं गोल आणि त्यात फुलाच्या पाकळ्यांसारखी नागमोडी खाच असते. त्या खाचेत नेमकी बसणारी छोटी चावी नटांसोबत मिळते. चावी खाचेत घालायची, तिच्यावर पाना लावायचा, मग नट सुटतो. युरोपीय बनावटीच्या काही गाड्यांत नटाऐवजी थेट हबमध्ये जाणारा बोल्ट असतो, पण कुलूप त्याच पद्धतीचं. शहरात रात्री रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीची महागडी अलॉय चाकं चोरीला जातात आणि सकाळी गाडी विटांवर टेकलेली सापडते. त्यावर हा उपाय निघाला, आणि अशा गाडीसाठी तो योग्यच आहे.

पण आमच्या कर्जत-चौक-पनवेल रस्त्यावर धावणाऱ्या इको व्हॅनना बहुतेक लोखंडी डिस्क असतात. त्या चोरून कोणाच्या हाती फारसं काही लागत नाही. तरीही नवी गाडी घेताना सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप यांच्यासोबत पॅकेजमध्ये लॉकनट गळ्यात पडतात. गाडीचा मालक एक, ड्रायव्हर दुसरा, आणि दोन-तीन वर्षांनी गाडी तिसऱ्याच्याच नावावर. चावी घरच्या कपाटात, जुन्या मालकाच्या ड्रॉवरमध्ये, नाहीतर मागे कुठल्या तरी गॅरेजच्या बाकावर राहिलेली. इकोच्या चाकाला नट चारच. त्यातला एक अडला की तिघांना काही अर्थ राहत नाही, चाक जागचं हलत नाही.

हे फक्त खर्चाचं आणि खोळंब्याचं प्रकरण असतं तर मी वर्तमानपत्रात लिहिलं नसतं. ५ जून २०१६ची पहाट या पट्ट्यातली माणसं विसरलेली नाहीत. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर पनवेलजवळ एक स्विफ्ट पंक्चर होऊन कडेला थांबली होती. तिच्या मदतीला एक इनोव्हा थांबली. साताऱ्याकडून मुंबईला निघालेली खासगी बस या दोन्ही गाड्यांवर आदळली आणि सगळं रस्त्याखाली कोसळलं. १७ माणसं गेली. तिथे लॉकनटचा प्रश्न होता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून महामार्गाच्या कडेला चाक बदलणारी गाडी दिसली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो वेळेचा. साधं चाक बदलायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. लॉक जाम झालं तर मदत येईपर्यंत तास जातो, मग काढायला आणखी तास. तेवढा वेळ बायका-मुलं पांढऱ्या पट्ट्याच्या पलीकडे उभी असतात आणि शेजारून कंटेनर जात असतात.

कुलूप जाम होतं ते बहुतेक वेळा आमच्याच धंद्यामुळे, हे मला सांगितलंच पाहिजे. हवेच्या गनने नट काढणं सोयीचं आहे, मीही काढतो. पण त्याच गनने नट आवळले जातात आणि घोटाळा तिथे होतो. बहुतेक छोट्या गाड्यांचे नट साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला वीस-पंचवीस किलोचा भार. गन त्याच्या चौपट-पाचपट जोर सहज लावते, आणि किती लावला हे हाताला कळत नाही. साधा नट हा मार सोसतो. लॉकनटच्या चावीच्या पाकळ्या मात्र जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या. गनचे धक्के बसून त्यांना बारीक चिरा जातात. त्या वेळी कोणाला दिसत नाहीत. पुढच्या वेळी रस्त्यात एकटा ड्रायव्हर पान्याला पाईप लावून वर उभा राहतो, तेव्हा चावी तुटते. सत्तर किलोचा माणूस एक मीटरच्या पाईपवर उभा राहिला की ७०० न्यूटन-मीटर होतात, हा हिशेब कोणी करत नाही.

कारखान्यात पाईप जोडणाऱ्या फ्लँजचे बोल्ट आवळताना आम्ही समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळायचो. एक बोल्ट जास्त झाला तरी फोरमन पुन्हा सगळे सैल करायला लावायचा, कारण आत अ‍ॅसिड असायचं. व्हॅनमध्ये माणसं असतात.

त्यात आमच्याकडचा पाऊस वेगळाच. माथेरान आणि इरशाळगडाच्या पायथ्याला चार महिने चाकं चिखलपाण्यात फिरतात. लॉकच्या खाचेत माती बसते, ती सुकून घट्ट होते, मग चावी पूर्ण आत जात नाही आणि अर्धवट धरलेल्या पाकळ्या झिजतात. अलॉयला लोखंडी नट असेल तर दोन धातूंमध्ये पाणी राहून गंजही लवकर धरतो.

गेल्या माघात उरणचं एक कुटुंब महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर करायला इकोने निघालं होतं. चौकला चहाला थांबल्यावर ड्रायव्हरचं लक्ष मागच्या टायरच्या बाजूला आलेल्या फुग्याकडे गेलं. नशीबच म्हणायचं, पुढे तो फुटलाच असता. स्टेपनी होती, जॅक होता, चावीही होती. तो माझ्याकडे आला तेव्हा तीन नट हातात होते. "काका, चावी फिरतेय, नट फिरत नाही." चावीच्या पाकळ्या साफ गेल्या होत्या. आदल्याच आठवड्यात शहरातल्या एका दुकानात चाकांची अदलाबदल करून घेतली होती आणि चारही चाकं गनने आवळली होती. गाडीतल्या आजींना मी दुकानात खुर्ची दिली. त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारत होत्या, की दुपारच्या आत महड होईल ना.

ड्रायव्हर म्हणाला, शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून डोक्यावर नट वेल्ड करून घेऊ, लगेच निघेल. निघतोही. पण ही पद्धत मी माझ्या दुकानात होऊ देत नाही आणि कोणीच होऊ देऊ नये. टायर चढवलेल्या चाकावर वेल्डिंग केलं की उष्णता डिस्कमधून रबरापर्यंत जाते. आतलं रबर तापून जळणारा वायू सुटतो, दाब वाढतो आणि टायरचा स्फोट होऊ शकतो. असे स्फोट जगभर झाले आहेत आणि त्यात माणसं मेली आहेत. नुसती हवा सोडली की धोका संपला असंही नाही, कारण आतला वायू पेटू शकतो. शिवाय अर्थिंगचा क्लॅम्प चुकीच्या जागी लावला तर करंट बेअरिंगमधून जाऊन तेही खराब होतं.

मी सुटे केलेले तीन नट आधी पुन्हा बसवून नीट आवळले. शेजारच्या नटांनी भार घेतला की लॉकवरचा ताण थोडा कमी होतो. गाडी जॅकवरून खाली घेतली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकाला दगड लावला. खाच तारेच्या ब्रशने साफ केली, गंज सोडवणारं तेल सोडलं आणि थांबलो. हे थांबणंच लोकांना जमत नाही. मग गोल डोक्यापेक्षा किंचित लहान बारा कोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसवला. तो घसरला. शेवटी उलट्या आट्यांचा सॉकेट चालला. तो उलटा फिरवावा तसा डोक्यात रुतत जातो. लांब पान्याने, झटका न देता जोर लावला तेव्हा नट सुटला. काही लॉकनटांना बाहेरून मोकळी फिरणारी कडी असते. ती छिन्नीने फोडून काढल्याशिवाय आतलं डोकं पकडताच येत नाही, आणि मग अलॉयला खरचटणं ठरलेलं.

रिकाम्या स्टडवर साधा नट लावताना त्याची बैठक पाहावी लागते. काही चाकांना निमुळत्या बैठकीचा नट लागतो, काहींना गोलाकार, काहींना सपाट वॉशरचा. आटे जुळले म्हणून कुठलाही नट बसवला तर चाक हळूहळू सैल होतं, आणि ते जाम लॉकपेक्षा वाईट. उरणच्या गाडीची उरलेली तीन चाकंही त्याच दिवशी साध्या नटांवर आणली. महडचं दर्शन झालं, पण दुपार टळून गेल्यावर.

शोरूमवाल्यांनी प्रवासी परवान्याच्या गाडीला लॉकनट देण्याआधी मालकाला विचारावं. जुनी गाडी विकणाऱ्याने चावी आणि तिचा कोड नंबर आरसीच्या कागदांसोबत द्यावा, कारण त्या नंबरावरूनच दुसरी चावी मागवता येते. टायरवाल्या माझ्या भावांना विनंती आहे की लॉकनटला गन लावूच नका, आणि बाकीचे नटही शेवटी टॉर्क रेंचनेच आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर गिऱ्हाईकाला पुन्हा तपासायला बोलवा. फिटनेस तपासणीत अधिकाऱ्याने प्रवासी गाडीला लॉकनट दिसला तर एक नट समोर उघडून दाखवायला सांगावं. ज्यांना लॉक ठेवायचीच आहेत त्यांनी मृगाच्या पावसाआधी आणि दसऱ्याला प्रत्येक लॉक एकदा सोडवून, खाच साफ करून परत बसवावं.

एकवीरेला किंवा अष्टविनायकाला जायला व्हॅन ठरवत असाल, तर भाड्याची बोलणी करतानाच ड्रायव्हरला स्टेपनी, जॅक आणि लॉकनट असतील तर त्यांची चावी दाखवायला सांगा. चावी नसेल तर दुसरी गाडी बघा.