घाटमाथ्यावरची सायकल

सहल म्हटली की आपल्या महाविद्यालयात पहिला प्रश्न निघतो तो बसभाड्याचा आणि दुसरा जेवणाचा. जायचे कोठे, हा प्रश्न तिसरा. त्याचे उत्तर बहुधा ठरलेलेच असते. वेरूळ झाले असेल तर अजिंठा आणि अजिंठा झाले असेल तर वेरूळ. जायचे कसे, हे मात्र कोणी विचारीतच नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. एखादे स्थळ आपण कसे गाठतो यावर ते आपल्याला किती दिसणार हे बरेचसे अवलंबून असते. अजिंठ्याच्या बाबतीत तर मी असे म्हणेन, की निम्मे लेणे वाटेतच आहे.

आपली नेहमीची सहल आठवून पाहा. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे शंभर किलोमीटर गाण्याच्या भेंड्या. फर्दापूरच्या फाट्यावर उतरायचे, तेथून चार किलोमीटर दुसऱ्या बसने जायचे, तिकिटाची रांग, मग दोन तासांत पहिल्या लेण्यापासून सव्विसाव्यापर्यंत धावपळ, महापरिनिर्वाणाच्या मूर्तीपुढे सामुदायिक छायाचित्र, आणि परत भेंड्या. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तर कोणी कोणते गाणे म्हटले ते सर्वांना आठवते. पद्मपाणी कोणत्या लेण्यात होता, ते मात्र दोघातिघांनाच!

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. फर्दापूरच्या फाट्यावर खाजगी वाहने अडवितात, ते योग्यच आहे. मातीच्या गिलाव्यावर रंगविलेली दीड-दोन हजार वर्षांची ती चित्रे. त्यांच्या दारात शेकडो मोटारींनी धूर ओकावा हे कोणालाच पटणार नाही. वृद्धांना, अपंगांना, लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांना बस हवीच. माझे म्हणणे आहे ते आपल्याविषयी, अठरा ते बावीस वर्षांच्या धडधाकट मंडळींविषयी. आपण का बरे सामानासारखे नेऊन ठेवले जातो?

परदेशांत बेटांच्या कडेकडेने, समुद्र एका बाजूला ठेवून डोंगरातून जाणाऱ्या सायकलवाटा असतात. त्यांची चित्रे पाहून आपण सुस्कारा टाकतो. आम्हा मराठवाड्याच्या मुलांना समुद्र कोठला? पण मला वाटते, अजिंठ्याचा घाटमाथा हा आपला किनाराच आहे. दख्खनचे पठार येथे एकदम संपते आणि खाली खानदेश पसरलेला दिसतो. पावसाळ्यात सकाळी खाली ढग भरलेले असले म्हणजे तर हा भास पुरा होतो. शिवाय समुद्राशी या डोंगराचे खरेखुरे नाते आहे. या रांगेच्या दक्षिणेकडे वाहिलेले पाणी पूर्णेतून गोदावरीला मिळते व बंगालच्या उपसागराला जाते. उत्तरेचे पाणी वाघूर नदीतून तापीला आणि पुढे अरबी समुद्राला. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांना वाटून देणारा हा डोंगर आहे. भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ हा शब्द आम्ही पाठ केला होता. त्याचा अर्थ कळला तो पायडल मारताना.

गेल्या श्रावणात आम्ही चौघे मित्र सायकली घेऊन अजिंठा गावी एकाच्या मामांकडे मुक्कामाला गेलो. एक सायकल गिअरची, बाकीच्या तीन साध्या. त्यांतल्या एकीच्या कॅरिअरला मामींनी भाकरी-ठेच्याचा डबा बांधून दिला. गावातून निघालो, जळगावच्या रस्त्याला लागलो. घाट उतरू लागण्याआधी लेणापूरकडे, डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटकडे जाणारा फाटा फुटतो. हमरस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज मागे पडला आणि ऐकू येऊ लागला तो फक्त आपल्याच चेनचा. दोन्हीकडे मका आणि कापूस, पुढे फुलोऱ्यावर आलेला साग, खडकाच्या कपारीत सीताफळीची झुडपे. चढ आला की उतरून सायकल हातात धरायची, उतार आला की ब्रेक दाबून धरायचे. वाट लांबची नव्हती, तरी आम्हाला दीड तास लागला. कारण थांबावेसे वाटले तेथे आम्ही थांबलो. बसमध्ये हे स्वातंत्र्य ड्रायव्हरला असते, आपल्याला नसते.

आणि मग एकाएकी जमीन संपते. पायाखाली वाघूरची दरी, समोर घोड्याच्या नालेच्या आकाराचा सुमारे पंचाहत्तर मीटर उंचीचा कडा आणि त्याच्या मध्यावर एका ओळीत कोरलेली काळी दारे. डोंगरावरून शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला २८ एप्रिल १८१९ रोजी दहाव्या लेण्याची कमान दिसली, ती याच बाजूने असे सांगतात. त्या लेण्यातील खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले आहे. (तेव्हापासून नावे कोरण्याची ही खोड थांबलेली नाही, हे आपल्या सहलींनाही लागू आहे.) स्मिथने लेणी ‘शोधली’ असे पुस्तके म्हणतात, जवळपासच्या लोकांना ती ठाऊक असणारच. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की वरून पाहताना सगळी लेणी एका दृष्टिक्षेपात मावतात. खालच्या वाटेने जाणाऱ्याला एकामागून एक खोल्या दिसतात. वरून पाहणाराला गाव दिसते.

ज्यांनी हे गाव वसविले ते चालत आलेले लोक होते. प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. तेथून उत्तरेला उज्जैनकडे जाणारा व्यापारी मार्ग याच डोंगरांतून जात असे. व्यापारी चालले, बैल चालले, भिक्षू चालले आणि पावसाळ्याचे चार महिने चालणे थांबले म्हणून वर्षावासासाठी ही लेणी झाली. आज सर्व लेण्यांना जोडणारी जी वाट आहे ती नंतरची. मुळात लेण्यांना नदीपासून वर येणारे आपापले जिने होते. म्हणजे पाण्यात पाय धुऊन, पायऱ्या चढून, दम लागलेल्या अवस्थेत माणूस बुद्धापुढे येत असे. हा दमसुद्धा त्या शिल्पकारांनी हिशेबात धरला असेल, असे मला राहून राहून वाटते.

रॉबर्ट गिल या चित्रकार अधिकाऱ्याचेही उदाहरण घेण्यासारखे आहे. १८४४ साली त्याची येथे नेमणूक झाली. लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी तो अजिंठा गावात वर्षानुवर्षे राहिला. त्याची बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेली. गावात पारोची समाधी मात्र आहे. तिच्यावर साल आहे १८५६. गिल आणि पारो यांच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिणारे ना. धों. महानोर हेही याच डोंगराच्या परिसरातले, पळसखेड्याचे. ज्यांनी अजिंठ्याला काही दिले ते तेथे वेळ घालविणारे लोक होते. दोन तासांत परतणाऱ्याच्या हाती छायाचित्राखेरीज काय लागणार?

आता आक्षेपांकडे वळतो. आमचे एक सर म्हणाले, “घाटात कोणी पडले तर जबाबदारी कोणाची?” प्रश्न रास्त आहे. हमरस्त्यावर भरधाव वाहनांच्या शेजारून शंभर किलोमीटर सायकल मारा, असे मीही सांगणार नाही. सायकली टेम्पोतून अजिंठा गावापर्यंत न्याव्यात आणि तेथून पुढची आडवाट तेवढी सायकलीने करावी. डोक्याला हेल्मेट, बरोबर एक पंक्चरची पेटी, एक प्रथमोपचाराची. एवढी व्यवस्था एन.सी.सी.ची मुले सहज करतील.

दुसरी गोष्ट मुलींची. आमच्या चौघांत एकही मुलगी नव्हती, हे मला खटकते. मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. आमच्या वर्गातल्या काही जणी त्याच सायकलींवर शिकून येथवर आल्या आहेत. सायकलीचा सराव आम्हा मुलांपेक्षा त्यांचाच अधिक. पण महाविद्यालयात आल्यावर ती सायकल धाकट्या भावाकडे जाते आणि सहलीत मुलगी बसच्या पुढच्या बाकावर मॅडमच्या शेजारी बसते. जिला भर पावसात चिखलातून शाळा गाठता येते, तिला घाटमाथा गाठता येणार नाही काय?

तिसरा आक्षेप माझाच आहे. उद्या कोणी हा लेख वाचून म्हणेल, की तेथे सिमेंटचा ‘सायकल ट्रॅक’ करू या, कमान उभारू या, दुतर्फा दुकाने देऊ या. तसे होऊ नये. ट्रॅक आला की मोटारसायकली आल्या, मोटारसायकली आल्या की जी शांतता ऐकायला आपण गेलो तीच गेली. वाट आहे तशीच पुरे. पिण्याचे पाणी, कड्याजवळ मजबूत कठडा आणि सायकली लावायला एक सावली, एवढेच मागणे आहे. एका वाहनतळावरच्या माणसाला आमच्या सायकलींची पावती कोणत्या वाहनाची फाडावी तेच कळेना. शेवटी त्याने त्या फुकट लिंबाखाली लावून दिल्या. पावतीपुस्तकात सायकलीचा रकाना यावा, इतपत तरी आपली संख्या वाढली पाहिजे.

म्हणून सहल समितीला माझी सूचना आहे. पुढच्या श्रावणात एक बस कमी करावी. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळावा. वीस मुले, वीस मुली आणि बरोबर येतील तितके प्राध्यापक, अशी यादी करावी. इतिहासाच्या सरांनी वाकाटकांविषयी जे सांगायचे ते वर्गात न सांगता त्या कड्यावर सांगावे. भूगोलाच्या सरांनी दोन समुद्रांची वाटणी बोटाने दाखवावी. यादीत पहिले नाव माझे धरावे. ज्यांच्याकडे सायकल नाही त्यांनी आतापासून धाकट्या भावाशी गोड बोलायला लागावे.