समासातले शेरे

लिहिलेलं कुणाला वाचायला दिलं की दोन दिवसांत उत्तर येतं, ‘छान जमलंय, अगदी भिडलं.’ लिहिणाऱ्याला बरं वाटतं, पण पुढच्या खर्ड्यासाठी त्याच्या हाती काहीच लागत नाही. कुठलं पान रेंगाळलं, कुठे वाचणाऱ्याचं लक्ष उडालं, कुठला परिच्छेद त्यानं मागे जाऊन पुन्हा वाचला, हे त्याला कळायला हवं असतं. असं सांगण्याचा एक अव्वल नमुना न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपून ठेवलेला आहे. तो म्हणजे टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेचे कच्चे खर्डे, त्याचा कविमित्र एझ्रा पाउंडच्या शेऱ्यांसकट. 1971 मध्ये एलियटच्या दुसऱ्या पत्नी व्हॅलरी एलियट यांनी ते पुस्तकरूपात आणले, त्यामुळे आज कुणालाही पाहता येतात.

पाउंडनं भीड ठेवली नाही. अलेक्झांडर पोपच्या धाटणीतला सुमारे 70 ओळींचा भाग त्यानं काढायला लावला. पोपनं हे इतकं उत्तम करून ठेवलंय की त्यावर ताण करणं तुला जमायचं नाही, असं त्याचं म्हणणं. समुद्रप्रवासाचा लांबलचक चौथा भाग 10 ओळींवर आला. ‘कदाचित’ दिसलं की तो समासात वैतागायचा. तिरेसियस द्रष्टा आहे. त्याला ठाऊक असेल तर पक्कं ठाऊक असेल, मग ही चाचरती भाषा कशाला? हा शेरा मोलाचा आहे, कारण तो कवितेतल्या पात्राच्या स्वभावावर बोट ठेवतो. पाउंडला स्वतःला काय रुचतं याचा तिथे संबंधच येत नाही. अशी सूचना कठोर असली तरी लिहिणाऱ्याला परकी वाटत नाही.

एवढी छाटणी पाहून एलियट खचला. बुडालेल्या फ्लेबासच्या ज्या 10 ओळी उरल्या होत्या, त्याही काढू का, असं त्यानं पत्रातून विचारलं. पाउंडनं साफ नकार दिला. फ्लेबास आहे तिथेच हवा! आणि शेवटच्या, पाचव्या भागाला तर त्यानं जवळपास हातच लावला नाही. इथून पुढे ठीक आहे, अशा अर्थाचं लिहून तो थांबला. चांगलं उतरलेलं ओळखून ते राखायला सांगणं हेही शेरे देणाऱ्याचंच काम. आपल्याकडे ते फार कमी लोक करतात.

मराठीत ही मेहनत ‘सत्यकथा’ मासिकानं घेतली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांशी मजकुराबद्दल सविस्तर पत्रव्यवहार करत आणि त्यातून कथा पुन्हा पुन्हा लिहिल्या जात. नव्या लेखकाच्या कथेसाठी कुणीतरी एवढा वेळ काढतं, ही केवढी मोठी गोष्ट! पण 1969 मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी याच ‘सत्यकथे’चा अंक जाळला. एकाच अभिरुचीच्या मक्तेदारीवर त्यांचा राग होता, आणि तो समजून घ्यायला हवा. मित्राचा शेरा नाकारता येतो. छापायचं की नाही हे ज्याच्या हाती, त्याची साधी सूचनाही हुकमासारखी ऐकू येते. म्हणून संपादकानं, परीक्षकानं, गुरूनं आपल्या शब्दाचं वजन ओळखून बोलावं.

एलियटला शेरा नाकारण्याची मोकळीक होती. दुसऱ्या भागातल्या नवराबायकोच्या तुटक संवादाशेजारी पाउंडनं ‘फोटोग्राफी’ असं नापसंतीनं लिहिलं. त्याच ओळींपाशी एलियटची पहिली पत्नी व्हिव्हियन हिनं ‘अप्रतिम’ असा शेरा मारला. एकाच जागी दोन जाणते वाचक आणि दोन उलट मतं. तो संवाद एलियटनं ठेवला. व्हिव्हियननं सुचवलेली बोलीतली एक ओळ त्यानं जशीच्या तशी घेतली. बुद्धिबळातल्या हस्तिदंती सोंगट्यांची एक ओळ मात्र तिला नको होती. तिच्या शब्दाखातर त्यानं ती गाळली, आणि 1922 मध्ये कविता त्या ओळीविना छापली गेली. व्हिव्हियन 1947 मध्ये वारली. पुढे 1960 मध्ये लंडन लायब्ररीच्या मदतनिधीसाठी एलियटनं सगळी कविता स्वतःच्या हातानं पुन्हा लिहून काढली, तेव्हा ती ओळ त्यानं आठवणीतून मूळ जागी घातली.