नुसता आकडा पाहू नका!

न्यूयॉर्क यँकीजचा सर्वांत जोरदार फटकेबाज संघ कोणता, यावरून आमच्या वर्गात नेहमी वाद होतो. काही जण म्हणतात, २०१९ चा. त्याने ३०६ होम रन मारले. १९२७ च्या संघाने फक्त १५८. आम्हांला हे पटत नाही. १९२७ साली एकट्या बेब रूथने ६० मारले. अमेरिकन लीगमधल्या बाकीच्या एकाही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत! २०१९ साली मात्र मिनेसोटाच्या संघाने यँकीजपेक्षा एक जास्तच, ३०७ मारले. म्हणून आकडा वाचताना त्या वर्षी इतरांनी काय केले, तेही पाहावे. आईबाबा, आमचे मार्क बघतानाही हे लक्षात ठेवा बरं का! पेपर सगळ्यांनाच अवघड गेला असेल.