मधल्या पट्ट्या

भाच्याची नवी गाडी दिवाळीत कोरी होती. आता डिकीत वूफरचा डबा आलाय, दारांत मोठे स्पीकर बसलेत आणि डेकमध्ये दहा पट्ट्यांचा इक्वलायझर आहे. परवा तिच्यातून ब्रह्मपुरीहून वडसाला गेलो. वैनगंगेचा पूल येईपर्यंत छातीत धाडधाड आणि कानात चिरचिर. गाणं चालू होतं, पण गाणारी बाई काय म्हणते आहे ते एका ओळीतही कळलं नाही.

माझा राग मोठ्या आवाजावर नाही. मोठा आवाज मलाही आवडतो. राग आहे तो गाण्यातून माणूस हाकलून देण्यावर. बसवणाऱ्याने डावीकडच्या खर्जाच्या पट्ट्या टोकाला नेल्या होत्या, उजवीकडच्या उंच स्वरांच्याही टोकाला, आणि मधल्या पार खाली दाबल्या होत्या. दुकानासमोर उभं राहून पाच मिनिटं ऐकलं की हे झकास वाटतं, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं. आपल्याकडच्या किती गाड्या याच साच्यातून निघतात! आणि नेमका त्या दाबलेल्या पट्ट्यांतच माणसाचा आवाज असतो.

माणसाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, पण शब्द स्पष्ट कळतात ते मुख्यतः 1000 ते 4000च्या टापूत. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्येच दाखवून दिलं की आवाज हळू असला की कानाला खर्ज कमी ऐकू येतो, आणि आवाज वाढवला की तो आपसूक भरून येतो. मग वर आणखी बेस कशाला? शिवाय बंद गाडी स्वतःच खर्ज फुगवते. कुठलीही पट्टी 3 डेसिबलने वर नेली की तिथे अँपला दुप्पट ताकद लावावी लागते, 10 डेसिबलने नेली तर दहापट. अँपची ताकद संपली की आवाज फाटतो आणि एखाद्या दिवशी ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, जळतो.

म्हणून सगळ्या पट्ट्या आधी शून्यावर आणाव्यात. पाठ असलेलं गाणं लावावं. मग एकेक पट्टी थोडी वर करून कुठे घुमतं, कुठे टोचतं ते शोधावं आणि तीच पट्टी शून्याच्या खाली उतरवावी. हे काम धान पाखडण्याचं आहे. नको ते उडवायचं, दाणा आपोआप उरतो. टायरची घरघर खर्ज झाकते, तेवढ्यापुरती खालच्या पट्टीला थोडी सूट द्यावी. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, “मामाजी, बेस कमी केला त गाडीत जीवच नाही राहात ना!” जीव गळ्यात असतो बाबा, डिकीत नाही.

वडसात उतरल्यावर त्याला मी नाटकांची पोस्टरं दाखवली. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीचं वडसा हे मुख्य ठाणं. दिवाळी सरली की गावोगाव शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे जत्रा आणि त्यांच्यासोबत रात्रभराची नाटकं. 2023 मध्ये या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्या टापूचा ऊर भरून आला होता. पण नाटकात साउंडच्या मिक्सरवर बसणाऱ्याच्या नावाने टाळी पडलेली मी कधी ऐकली नाही, आणि हे मला खुपतं.

नाटकाला लवकर गेलात तर त्याच्याजवळ उभे राहा. मंडप रिकामा असतो तेव्हा तो टांगलेल्या माइकांचा आवाज मुद्दाम वाढवत नेतो, शिटी वाजेपर्यंत. मग एक बोट पट्ट्यांवरून सरकत जातं, शिटी जिथे मरते तिथे थांबतं, आणि ती पट्टी खाली येते. पुढे रात्री नायिका दोन पावलं मागे सरली तरी तो निर्धास्तपणे आवाज वाढवू शकतो. मंडप भरला की पुन्हा हात फिरतो, कारण उंच स्वर माणसांच्या शाली आणि घोंगडी पिऊन टाकतात. गाणं आलं की तो ऑर्गनच्या मधल्या पट्ट्या थोड्या उतरवतो, नटीच्या गळ्याला जागा करून देतो. शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या म्हातारीला पहाटेसुद्धा शब्द न् शब्द कळतो, कारण त्याचा हात तिच्यासाठी चालत असतो. बेस त्याच्याकडेही आहे. तो ढोलकीपुरता ठेवतो.

गाडीत साउंड बसवणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनी या हंगामात एक रात्र त्याच्या शेजारी काढावी. शिकण्यासाठी नागपूर गाठायची गरज नाही. नाटक चालू असताना मात्र त्याला काही विचारू नये. अंक संपून पडदा पडला की चहा घेऊन जावं आणि कोणती पट्टी का उतरवली, ते विचारावं.